एलडीएल दोनशे शहाऐंशी

रिपोर्ट आणायला मी नटून गेले होते, हे आधीच सांगून टाकते. आठ वर्षांपूर्वी शिवलेला ब्लाऊज त्या दिवशी अंगात गेला होता आणि तो मला साऱ्या घाटंजीला दाखवायचा होता. पोळा होऊन गेला होता, रस्त्यात चिखल, तरी मी लांबच्या वाटेनं गेले. वाटेत तिघींनी विचारलं, ‘काय वं वंदना, किती बारीक झाली?’ मी म्हटलं, ‘कुठं वं, काईतरीच!’ आणि मनात लाडू फुटले.

लॅबवाले दादा ओळखीचे आहेत. कागद हातात घेऊन म्हणाले, ‘ताई, शुगर तं एकदम झकास. तीन महिन्याची पाच पॉइंट सात. मांगं नऊ होती न?’

‘नऊ पॉइंट चार,’ मी ऐटीत सांगितलं.

‘पण हे काय खाऊन राह्यले तुमी?’ त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

एलडीएल, दोनशे शहाऐंशी. ठळक अक्षरात छापलेलं, शेजारी वर जाणारा बाण. शंभराच्या आत पाहिजे, असंही बाजूलाच लिहिलेलं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, नसांमध्ये साचतं ते, एवढं मला माहीत होतं.

‘मशीन बिघडली अशीन तुमची,’ मी म्हटलं.

‘मशीन बिघडली असती तं शुगर बी बिघडली असती न ताई,’ ते शांतपणे म्हणाले.

परत येताना मी जवळच्या वाटेनं आले.

भाकरवालीनं भाकर सोडली

बसस्टँडजवळ माझी खानावळ आहे. रोज शंभर-सव्वाशे ज्वारीच्या भाकरी मी माझ्या हातानं थापते. शेजारच्या किराणा दुकानात आमचे हे बसतात. एकुलती लेक कोमल पुण्यात नोकरीला आहे. अशा घरात दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. तव्याचा चटका बसला होता, तो पंधरा दिवस भरेना, म्हणून तपासलं तर नऊ पॉइंट चार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वजन कमी करा. वजन तेव्हा ब्याऐंशी किलो.

कोमलनं फोनवर सांगितलं, ‘आई, लो-कार्ब कर. भाकर, पोळी, भात, साखर, आलू, सगळं बंद.’

‘भाकर बंद? अन् मंग खाऊ काय, तवा?’

तिनं मला व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. अंडी खा, पनीर खा, मटण खा, पालेभाज्या खा, तूप-लोणी मनसोक्त खा. तूप मनसोक्त खा असं मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. ते एक वाक्य माझ्या काळजाला भिडलं.

पहिले पंधरा दिवस असे गेले की विचारू नका. समोर गरम भाकर फुगते आहे, वास नाकात जातो आहे आणि मी अंडं सोलते आहे. चिडचिड इतकी की गिऱ्हाइकं भीत भीत कांदा मागायची. पण मी हट्टाची आहे. मेथीची भाजी नुसती खाल्ली, भरली वांगी भाकरीशिवाय खाल्ली, सकाळी चहाऐवजी लोणी घातलेली कॉफी प्यायले. वर्षभरात सतरा किलो उतरले. डॉक्टरांनी शुगरच्या तीन गोळ्यांची एक केली.

मग काय विचारता! मीच डॉक्टर झाले. ‘ताई, तुमी खात नाई तं आमाले काहून चारता भाकर?’ अशी थट्टा करणारी माणसंच हळूच विचारायला लागली, ‘काय काय खाता तुमी?’ मी सगळ्यांना ज्ञान वाटलं. फुलसावंगीला माझं माहेर आहे. तिथं धाकटा भाऊ गजानन शेती करतो, कापूस आणि हळद. वय चाळीस, अंगानं काडी, दिवसभर वावरात. त्याला ना शुगर ना काही. तरी मी त्याला सांगितलं, ‘गजू, सकाळी चायमंधी चमचाभर तूप टाकत जाय, ताकद येते.’ तो माझं ऐकतो. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी सतरा. तेव्हापासून ऐकतो. त्यानं तूप सुरू केलं.

मोबाईलनं समजूत घातली

रिपोर्ट आणला त्या दिवशी मी जेवले नाही. जिवापाड मेहनत केली, जिभेवर दगड ठेवला आणि बक्षीस काय, तर दोनशे शहाऐंशी? मला राग आला. भीती नंतर आली, आधी राग आला.

मग मी मोबाईल उघडला. आणि पाच मिनिटांत माझं समाधान झालं. तिथं माझ्यासारखे खूप होते. लो-कार्ब केल्यावर एलडीएल वाढतोच, घाबरू नका. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, कमी आहेत ना? एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, वर आहे ना? मग झालं, एलडीएल किती का असेना. माझे ट्रायग्लिसराईड एकोणऐंशी, एचडीएल एकसष्ट. मी कागद परत काढला आणि ते दोन आकडे चारदा वाचले. तिसऱ्या आकड्यावर अंगठा ठेवून वाचले.

आता कळतं की त्यात काही गोष्टी खऱ्या होत्या. काही जणांचा एलडीएल या खाण्यानं वाढतो, हे खरंच आहे. ट्रायग्लिसराईड उतरणं चांगलंच आहे. पण ‘म्हणून घाबरू नका’ हे जे वाक्य होतं, ते माझ्याबद्दल नव्हतं. ते बोलणाऱ्या माणसानं मला पाहिलं नव्हतं, माझ्या घरच्यांना पाहिलं नव्हतं. मला ते ऐकायचं होतं म्हणून मी ऐकलं.

आमचे हे म्हणाले, ‘एकदा डॉक्टरले दाखवून ये न.’

‘तुमाले काय समजते त्यातलं? रेशो पाहा लागते, रेशो!’

कागद मी साड्यांच्या खाली ठेवून दिला. चार महिने.

चपला काढा

संक्रांतीनंतर शुगरच्या तपासणीला यवतमाळला गेले. तिथं नव्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या, वयानं माझ्या कोमलपेक्षा थोड्या मोठ्या. फाईल उघडली तर साड्यांखालचा तो कागद सगळ्यात वर! ह्यांनीच घातला होता. मी घरी जाऊन काय बोलायचं ते मनात तयार करायला लागले.

मॅडम वाचत होत्या. मी आधीच सुरू झाले. लो-कार्ब आहे, यात असंच होतं, ट्रायग्लिसराईड पाहा, एचडीएल पाहा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही शुगर उतरवली, वजन उतरवलं, हे साधं काम नाही. त्याचं श्रेय तुमचंच. पण एलडीएल हा वेगळा पेपर आहे. एका विषयात पास झालं म्हणून दुसऱ्याचा पेपर कोणी माफ करत नाही.’

त्यांनी भांडण केलं नाही, म्हणून मला ऐकावं लागलं. डाएट पूर्ण सोडू नका म्हणाल्या. तूप, लोणी, मटण कमी करा. त्या जागी शेंगदाणे, जवस, वाटीभर वरण, भरपूर भाज्या. अर्धी भाकर चालेल, शुगर पाहत राहू. अडीच महिन्यांनी परत तपासू.

दोन वर्षांनी अर्धी भाकर खाल्ली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज कसली, आलं.

अडीच महिन्यांनी एलडीएल दोनशे अडतीस. मी खूश, उतरला की! मॅडम खूश दिसेनात. ‘इतकं तूप कमी केल्यावर याहून खाली यायला हवा होता,’ त्या म्हणाल्या. ‘जरा चपला काढा.’

मला वाटलं, चुकून बोलल्या. पण त्यांनी खाली वाकून माझ्या टाचेमागची शीर दोन बोटांत धरली. ‘ही एवढी जाड कधीपासून आहे?’

‘आमच्या घराण्याची टाचच तशी आहे मॅडम. बाबांची होती, भावाची आहे. आमच्यात म्हणतात, चालणाऱ्याची टाच.’

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. ‘वडील कसे गेले?’

‘ऊन लागलं. वैशाखात, वावरात.’

‘काका?’

‘लहाने काका गाडीवरून पडले. मोठेबाबा झोपेत गेले, काही त्रास नाही झाला.’

‘आजोबा?’

‘त्यांच्यावर करणी केली होती भावकीनं.’

‘म्हणजे हार्टचा त्रास कोणालाच नव्हता?’

‘कोणालाच नाही,’ मी छातीठोकपणे सांगितलं.

त्यांनी कोलेस्ट्रॉलची गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, ‘हे कोलेस्ट्रॉल खाण्यामुळे कमी आणि घराण्यातून आलेलं जास्त असं मला वाटतं. असं कोलेस्ट्रॉल टाचेच्या शिरेतही साचतं, म्हणून ती जाड होते. भावाला तपासायला सांगा. लवकर सांगा.’ मी हो म्हटलं. घरी आल्यावर गोळ्यांचं पाकीट फोडलं नाही. आणि भावाला काय सांगायचं? त्या काडीला कसलं आलं कोलेस्ट्रॉल?

हे लिहिताना माझा हात थांबतो. तीन आठवडे मी गप्प होते.

पितरांची पंगत

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितर जेवू घालतात. गेलेल्या माणसाच्या नावानं कोणाला तरी जेवायला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं आणि तोच आपला माणूस समजून वाढायचं. माझ्या माहेरच्या गावची रीत आणखी एक आहे. माणूस ज्या वयात गेला, साधारण त्याच वयाचा माणूस त्याच्या पाटावर बसवायचा. माय म्हणते, तसं बसवलं की गेलेला डोळ्यांसमोर येतो. मी दरवर्षी या दिवशी माहेरी जाते. लहानपणापासून पाहत आले आहे, त्यामुळे त्यात काही वेगळं कधी वाटलं नाही.

त्या दिवशी चार पाट होते. आजोबा, मोठेबाबा, बाबा, लहाने काका. गजू वडे वाढत होता, त्याची बायको रूपा पोळ्या करत होती, मी आंब्याच्या रसाची बादली घेऊन आतून आले आणि उंबरठ्यावर थांबले.

पंगतीत एकाचाही केस पांढरा नव्हता.

शेजारच्या घरीही पितर जेवत होते, मधला दरवाजा उघडा होता. तिथं तीन म्हातारे बसले होते, एकाला दात नव्हते, त्याला पोळी दुधात कुस्करून दिली होती. आणि आमच्या घरी? चार दणकट गडी, ‘वाढा न ताई, रस वाढा’ म्हणणारे. सगळ्यात मोठा आजोबांच्या पाटावरचा, पंचेचाळीसचा.

आजोबा पंचेचाळीस. मोठेबाबा चव्वेचाळीस. बाबा एक्केचाळीस. लहाने काका अडतीस, मोटरसायकलवरून पडले, सरळ रस्त्यावर, समोर ना गाडी ना ढोर. प्रत्येकाच्या मरणाची गोष्ट वेगळी होती, आणि प्रत्येक गोष्ट आम्ही इतक्यांदा सांगितली होती की चारही एका ओळीत कोणी ठेवून पाहिल्याच नाहीत. मॅडमनी विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे नाही म्हटलं होतं. आणि इथं दरवर्षी आम्ही त्यांना ओळीनं बसवत होतो! त्यांचे पाय धूत होतो!

रसाची बादली मी खाली ठेवली.

गजू जवळ आला. ‘काय झालं ताई? चक्कर आली काय?’ बोलता बोलता त्यानं खिशातून ओव्याची पुडी काढली, चिमूटभर तोंडात टाकली आणि छातीवर हात चोळला.

‘तुले काय झालं?’

‘मले काई नाई. जळजळ होऊन राह्यली आठ दिवसापासून. गरमी भल्ली आहे न औंदा.’

त्याला एक्केचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते.

चाल

मी त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं एका दमात सांगितलं. माझा रिपोर्ट, टाच, मॅडम, पितर. तो हसला. खरंच हसला.

‘ताई, मी का जाडा आहो? तूच सांगतलं न तूप खा म्हणून, आता तूच म्हणते कोलेस्ट्रॉल! एक काय ते ठरव बाप्पा.’

‘गज्या, तुह्या पाया पडायची वेळ माह्यावर आणू नको. चाल दवाखान्यात.’

‘आज? पितराच्या दिवशी? पंगत बसली आहे. सोमवारी जाऊ.’

‘सोमवार पाह्यला कोणं?’

‘कायले अभद्र बोलतं वं सणाच्या दिवशी!’ आता तो चिडला. रूपाही माझ्याकडे वाईट नजरेनं पाहायला लागली. मी रडायला लागले आणि रडणाऱ्या बाईचं आमच्या घरी कोणी ऐकत नाही, हे मला माहीत होतं. तरी रडणं थांबेना.

माय चुलीपाशी बसली होती. सहासष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, उठायचं तर हात धरावा लागतो. ती कोणाचा हात न धरता उठली. आतल्या खोलीत गेली, लुगडं बदलून आली, पिशवी घेतली आणि दारात जाऊन उभी राहिली.

‘चाल,’ ती गजूला म्हणाली.

‘कुठं माय?’

‘ताई म्हणते तिथं.’

‘माय, तू बी काय तिच्या नादी लागतं? सोमवारी जातो म्हटलं न.’

‘सोमवारी नाई. आत्ता.’ माय कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. पण मी तिचा तसा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. ‘चालतं का मी पायी निंगू?’

गजूनं वड्यांची परात खाली ठेवली. बाबांच्या पाटावर शेजारचा संतोष बसला होता, गजूचा दोस्त. पितरानं अर्ध्या जेवणावरून उठू नये म्हणतात. तो उठला, हात धुतले आणि गाडी काढली, कारण गाडी त्याचीच होती.

पुसदला डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि त्यांचा चेहरा बदलला. एक गोळी चावायला लावली, एक जिभेखाली ठेवली आणि म्हणाले, घरी नेऊ नका, असंच नांदेडला न्या. अॅम्ब्युलन्समध्ये गजू माझ्याकडे पाहत होता. आता तो हसत नव्हता.

नांदेडचे सहा दिवस

एक नस जवळजवळ पूर्ण बंद होती, दुसरी अर्ध्याहून जास्त. दोन स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-चार दिवस ओवा खात बसले असते तर इथपर्यंत आले नसते. गजूचा एलडीएल निघाला तीनशे बारा. माझ्याहून जास्त. त्या काडीचा!

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे असतात. सकाळी सहाला फरशी पुसणारी बाई येते आणि सगळ्यांना पाय वर घ्यायला लावते. मग चहा, मग सिस्टर, मग डॉक्टरांची वाट. डॉक्टर दोन मिनिटं येतात आणि त्या दोन मिनिटांत विचारायचे प्रश्न आपण विसरतो. मी ते हातावर पेनानं लिहून ठेवायला लागले. आयसीयूच्या काचेतून दिवसातून दोनदा गजू दिसायचा. तो बोट हलवून दाखवायचा. तेवढ्यावर आम्ही दिवस काढायचो.

रूपा माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, ‘तुमच्या तुपानं झालं ताई.’

मलाही तेच वाटत होतं. मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. खरंच मारलं, दोनदा. शेवटी मीच डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं. ते म्हणाले, ‘तुपानं भर पडली असेल, पण सात-आठ महिन्यांच्या तुपानं अशी नस बंद होत नाही. हे जन्मापासून साचत आलं आहे.’ मी त्यांना म्हटलं, हेच माझ्या भावजयीसमोर बोला. ते बोलले. त्या दिवशी चारच्या चहाला रूपानं एक कप माझ्यापुढे धरला. बोलली नाही, पण साखर घातली नव्हती. माझी शुगर तिच्या लक्षात होती.

माय सहाही दिवस बाकावर बसून होती. घरी जा म्हटलं तर नुसती मान हलवायची. माझ्या गोळ्यांचं पाकीट मी तिथंच, तिच्या शेजारी बसून फोडलं.

ज्यांच्या हातात असा कागद आहे, त्यांच्यासाठी

मी डॉक्टर नाही, आणि एकदा डॉक्टर व्हायला गेले तर काय झालं ते वर लिहिलं आहे. तरी सांगते. भाकर सोडून तुमची शुगर उतरली असेल तर छानच. पण रिपोर्टातला जो आकडा आवडला नाही, तोच घेऊन डॉक्टरांकडे जा. त्याच्यावर अंगठा ठेवू नका. डॉक्टरांना सांगा की काय खाता, किती तूप खाता, किती दिवसांपासून. लपवलं तर तेही चुकतील. मनानं डाएट सोडू नका, मनानं गोळ्याही सोडू नका. मी आता अर्धी भाकर खाते, गोळी घेते, शुगर सहाच्या आसपास आहे आणि एलडीएल एकशे चारवर आला आहे. मॅडम म्हणतात, अजून खाली पाहिजे.

आणि घरात कोण कोणत्या वयात गेलं, ते एकदा कागदावर ओळीनं लिहा. ‘कसं गेलं’ याच्या गोष्टी बाजूला ठेवा. नुसती वयं लिहा.

मायचा प्रश्न

महिन्यानं आम्ही सगळे यवतमाळला मॅडमकडे गेलो. गजू चालत आला, थोडा वाळलेला, पण चालत. मॅडमनी कागदावर आमचं घराणं काढलं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. आजोबांपासून खाली रेघा ओढल्या आणि एकेक चौकोन भरत आल्या. हा आजार आईकडून किंवा बापाकडून लेकराला जातो, प्रत्येक लेकराला यायची शक्यता अर्धी, असं त्यांनी सांगितलं. कोमलची तपासणी ठीक आली होती. गजूच्या मुलीची तेवढी बाकी होती, तारीख ठरली.

माय त्या कागदाकडे पाहत होती. तिला वाचता येत नाही. तिनं बाबांच्या चौकोनावर बोट ठेवलं, विचारून ठेवलं, हाच न म्हणून.

‘मॅडम, याले ऊन नोतं लागलं,’ माय म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, ‘हो आजी, हार्टचंच असणार.’

‘ऊन चढलंच नोतं,’ माय म्हणाली. ‘सूर्य नोता निंगाला. पाहाटचं तो उठला अन् म्हणे, छातीत जळजळ होते. म्या म्हटलं, वखरणीले गडी आला आहे, बैल जुपून उभा आहे. लिंबूपाणी पे अन् जाय. तो गेला. वावराच्या धुऱ्यावर पोचला अन् पडला. लोकं म्हणे ऊन लागलं. म्या काई बोलली नाई. कोणाले सांगतलं नाई.’

एकोणतीस वर्षं. मी मायकडे पाहतच राहिले. दर वैशाखात शेजारीण म्हणायची, वंदनाच्या बापाला ऊन लागलं होतं, आणि माय खाली मान घालून काम करत राहायची. मी समजायचे, तिला आठवण येते.

‘आजी, तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं,’ मॅडम हळूच म्हणाल्या. ‘तुम्हाला कसं कळणार?’

मायनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती गजूकडे वळली. त्याचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला होता, आणि लहान मूल विचारतं तसं तिनं मॅडमना विचारलं,

‘पण याले तं म्या आणलं न?’

उत्तर गजूनं दिलं.

‘हो माय,’ तो म्हणाला, ‘तूच आणलं मले.’